दुकानदारच सुपरमार्केटचं गिऱ्हाईक होतो तेव्हा

कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या एका गल्लीत संध्याकाळी एक किराणा दुकानदार साबणाचा गठ्ठा फोडत होता. ‘चारवर एक मोफत’ असं छापलेलं प्लास्टिक त्यानं कात्रीनं कापलं आणि वड्या एकेक करून फळीवर मांडल्या. गठ्ठा सकाळीच सुपरमार्केटमधून आणलेला होता. शेजारच्या घरातल्या काकूंनी त्यातली एक वडी छापील किमतीला नेली, पैसे वहीत मांडून.

‘तिकडून स्वस्तात आणायचं आणि आपल्याला महाग विकायचं’ असं या दुकानदारांबद्दल सर्रास बोललं जातं. मला ते अन्यायाचं वाटतं, कारण सुपरमार्केटमधून माल आणण्याची ही उलटी वाट त्यांनी पाडलेली नाही.

माल कुठून येतो हे कोल्हापुरात सगळ्यांना ठाऊक असायचं. १८९१ मध्ये मिरजेहून रेल्वे आली, १८९५ मध्ये शाहू महाराजांनी शाहूपुरीची पेठ वसवली आणि गुळाचा व्यापार तिथं एकवटला. धान्य आणि किराण्याची घाऊक उलाढाल लक्ष्मीपुरीत. पन्हाळा, राधानगरी, गगनबावड्याकडचे दुकानदार बाजार भरायला तिथंच यायचे. उधारीही त्याच वाटेनं खाली उतरायची. व्यापारी दुकानदारासाठी थांबायचा आणि दुकानदार गिऱ्हाइकासाठी, शहरात पगारापर्यंत तर खेड्यात ऊसबिल जमा होईपर्यंत. ही साखळी मालाइतकीच भरवशावर चालायची.

मोठं दुकान म्हणजे काय, हेही जिल्ह्याला नवं नव्हतं. शेतकरी सहकारी संघाची दुकानं होती. वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांनी उभ्या केलेल्या सहकाराच्या पसाऱ्यात वारणा बाजारही होता. तरी गल्लीतली दुकानं टिकली.

बदल आला तो पाकीटबंद मालाबरोबर. वेष्टनावर किंमत छापण्याचे नियम १९७७ चे. १९९० च्या दुरुस्तीनंतर सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापणं आलं. त्या किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त घेता येत नाही, कमी घ्यायला मात्र कुणाची आडकाठी नाही. पुढचं सगळं या एका फटीतून घडलं. कंपनी एजन्सीला, म्हणजे आपल्या वितरकाला, माल देणार, एजन्सीचा सेल्समन ठरलेल्या वारी लाईनवर, म्हणजे दुकानांच्या फेरीवर, येऊन ऑर्डर घेणार आणि छापील किमतीतला ठरलेला हिस्सा दुकानदाराला सुटणार, अशी घडी बसली होती. त्या किमतीखाली कुणी फारसं उतरत नव्हतं, कारण उतरण्याइतकं मार्जिनच कुणाकडे नव्हतं.

मग सुपरमार्केटच्या साखळ्या आल्या. डी-मार्टचं पहिलं दुकान २००२ मध्ये मुंबईत पवईला उघडलं. त्यांचं गणित सरळ आहे: मोठी खरेदी करायची, पुरवठादाराचे पैसे थोड्या दिवसांत चुकते करून जादा सूट मिळवायची, जागा शक्यतो स्वतःची ठेवून भाडं वाचवायचं आणि त्यातला बराचसा फायदा भावात सोडायचा. बिग बझारनं २००६ पासून २६ जानेवारीच्या आसपास मोठ्या सवलतीचे दिवस सुरू केले. समजा, साबणाच्या वडीवर ४० रुपये छापलेत. एजन्सी ती दुकानदाराला ३६ ला देते आणि सुपरमार्केट कुणालाही ३३ ला. गल्लीतल्या दुकानदारानं मग कुठून घ्यावी?

करानंही ही वाट सोपी केली. एरवी दुकानदाराला खरेदीवरच्या जीएसटीची वजावट मिळते, त्यामुळे एजन्सीचं बिल हातचं सोडणं परवडत नाही. पण वार्षिक उलाढाल ४० लाखांच्या आत असलेल्या दुकानदाराला सहसा नोंदणीच लागत नाही. त्याच्या वर, दीड कोटीपर्यंतचे जे दुकानदार कंपोझिशन योजना निवडतात, ते उलाढालीवर १ टक्का भरतात आणि त्यांना वजावट नसते. एजन्सीचं बिल असो की सुपरमार्केटची पावती, दोघांच्याही लेखी सारखंच.

खरा वाद कंपन्यांशी आहे, आणि तो एकदा उघडपणे झालाही. एकच माल ऑनलाइन घाऊक विक्रेत्यांना स्वस्त आणि आम्हाला महाग का, असा सवाल वितरकांच्या देशव्यापी संघटनेनं २०२१ च्या अखेरीस केला. जानेवारी २०२२ मध्ये महाराष्ट्रातल्या वितरकांनी कोलगेटच्या काही मालाचा पुरवठा रोखून धरला. पुढं बोलणी झाली. भावातला फरक मात्र राहिला.

दुकानदारासाठी हा सौदा वाटतो तितका गोड नाही. एजन्सीचा माल दारात येतो, चार दिवस थांबून पैसे देता येतात, फुटका किंवा मुदत संपलेला माल बऱ्याचदा परतही जातो. सुपरमार्केटमध्ये रोख मोजायचे, रांगेत उभं राहायचं आणि पिशव्या स्वतःच्या गाडीवरून आणायच्या. सवलतीच्या काही मालावर एका बिलात किती नग मिळतील याची मर्यादा असते, म्हणून घरातल्या दोघांना वेगवेगळ्या काउंटरला उभं राहावं लागतं. काही गठ्ठ्यांतल्या वड्यांवर ‘सुटी विक्री नाही’ असंही छापलेलं असतं, ते पाहून घ्यावं लागतं. मग गिऱ्हाईक वडीमागं जे सातेक रुपये जास्त देतं, ते या खेपेचे, वहीतल्या उधारीचे आणि रात्री दहाला शटर अर्धं उघडं ठेवण्याचे असतात. मला ते रास्त वाटतात.

त्याच गल्लीत दोन दिवसांनी एजन्सीचा सेल्समन लाईनवर आला. साबण किती लिहू, असं त्यानं विचारलं. दुकानदारानं भरलेल्या फळीकडे नुसतं बोट दाखवलं आणि शाम्पूच्या छोट्या पुड्यांच्या सहा माळा लिहून घ्यायला सांगितल्या. सुपरमार्केटच्या रॅकवर त्या सहसा मिळत नाहीत.