वगळण्यासाठीही वाचावं लागतं

जावा या प्रोग्रॅमिंग भाषेत मजकुराची फाइल उघडायची, सुरुवातीची १०० कॅरेक्टर (मजकुरातली एकेक चिन्हं) सोडायची आणि तिथून पुढे वाचायला लागायचं. यासाठी मजकूर वाचण्याचं काम करणाऱ्या रीडर या क्लासमध्ये ‘स्किप’ (म्हणजे ‘वगळ’) नावाची मेथड, म्हणजे ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा, आहे. १९९७ साली जावाच्या १.१ आवृत्तीत रीडर आला, तेव्हापासूनची. नावावरून वाटतं, की प्रोग्रॅम थेट उडी मारून पुढच्या जागी पोचत असेल. तसं होत नाही. का होत नाही, ते एका शब्दावरून नीट कळतं.

‘क्षितिज’ हा शब्द घ्या. आपल्या लेखी त्यात तीन अक्षरं: क्षि, ति, ज. जावाला लांबी विचारा, उत्तर येतं ७. क, पाय मोडल्याची खूण, ष, वेलांटी, त, पुन्हा वेलांटी आणि ज. हाच शब्द यूटीएफ-८ या, चिन्हांचे बाइट करण्याच्या पद्धतीने फाइलमध्ये साठवला, तर तो २१ बाइट खातो, कारण तिथे देवनागरीतल्या प्रत्येक चिन्हाला ३ बाइट लागतात. साध्या रोमन अक्षराला एकच बाइट पुरतो, तर बहुतेक इमोजींना किमान ४ लागतात.

आता फाइलमधलं हजारावं कॅरेक्टर नेमकं कितव्या बाइटवर असेल? आधीची ९९९ किती लांबीची आहेत हे बघितल्याशिवाय ते सांगताच येत नाही. म्हणून रीडर जे वगळायचं तेही वाचतो. त्याच्या मूळ कोडमध्ये जास्तीत जास्त ८१९२ कॅरेक्टर मावतील असा एक ॲरे (खणांची रांग) तयार होतो, मजकूर त्यात ओतला जातो आणि तसाच टाकून दिला जातो. हवी तेवढी संख्या भरेपर्यंत किंवा मजकूर संपेपर्यंत हेच चालू राहतं. रीडरचाच एक प्रकार असलेल्या बफर्डरीडरचं काम थोडं हलकं असतं. त्याच्या बफरमध्ये, म्हणजे तात्पुरत्या साठ्यात, मजकूर आधीच येऊन पडलेला असेल, तर तो फक्त आपली खूण पुढे सरकवतो. पण तो मजकूरही कधीतरी वाचूनच तिथे आलेला असतो.

स्किप एक संख्या परत देते आणि मला या मेथडमधली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तीच वाटते. १०० वगळायला सांगितलं आणि फाइलमध्ये ६०च कॅरेक्टर असली, तर एक्सेप्शन (चूक झाल्याचा इशारा) येत नाही. ६० हे उत्तर येतं आणि प्रोग्रॅम पुढे चालू लागतो. ते उत्तर व्हेरिएबलमध्ये घेतलंच नसेल, तर काहीतरी कमी पडलंय याचा पत्ता लागत नाही. यावर उपाय म्हणून ‘राहिलेली संख्या शून्य होईपर्यंत स्किप करत राहा’ असा लूप लिहिला, तर दुसरीच पंचाईत होते. मजकूर संपल्यावर स्किप दर वेळी ० देते, राहिलेली संख्या घटत नाही आणि लूप थांबत नाही. म्हणून शून्य आलं, की एकदा रीड (एक कॅरेक्टर वाचणारी मेथड) करून बघावं. उणे १ आलं तर मजकूर संपलाय. एखादं कॅरेक्टर हाती आलं, तर ते वगळलेल्यांत धरून पुढे जायचं.

उणे संख्या दिली तर काय होतं, हे रीडरचा कोणता प्रकार हाताशी आहे त्यावर अवलंबून आहे. मूळ रीडर एक्सेप्शन फेकतो. स्ट्रिंगरीडर चक्क मागे जातो. कॅरॲरेरीडर जागचा हलत नाही आणि ० परत देतो.

खरी उडी बाइटच्या पातळीवर मारता येते. फाइलमधले बाइट जसेच्या तसे वाचणाऱ्या फाइलइनपुटस्ट्रीमची स्किप फाइलमधली जागाच बदलते, आणि फाइल संपली तरी तिच्या पलीकडे जाऊन मागितलेली संख्या परत देऊ शकते. पण मजकुरात अशी उडी मारणं धोक्याचं. ‘क’चे तीन बाइट असतात. त्यातला पहिला सोडून तिथून वाचायला सुरुवात केली, तर उरलेल्या दोघांचा अर्थ लागत नाही. मग ‘क’च्या जागी काळ्या चौकटीतली दोन प्रश्नचिन्हं दिसतात. बाइटची कॅरेक्टर करून देणारा इनपुटस्ट्रीमरीडर तयार करून वाचन सुरू झाल्यावर त्याला बाइट पुरवणाऱ्या खालच्या स्ट्रीमवर स्किप करणं तर आणखी वाईट. रीडरने बरेच बाइट आधीच ओढून घेतलेले असतात, त्यामुळे नक्की काय वगळलं गेलं, हे सांगणं अवघड होतं.

कॅरेक्टर मोजून वगळलं, तरी आपलं ‘अक्षर’ शाबूत राहील असं नाही. ‘क्षितिज’मधलं एक कॅरेक्टर वगळा, उरलेला मजकूर पाय मोडल्याच्या खुणेपासून सुरू होतो. दोन वगळा, ‘षितिज’ उरतं. दिसायला नीटनेटकं, म्हणून चूक पटकन लक्षातही येत नाही. तीन वगळली तर सुरुवातीलाच वेलांटी लोंबकळते. इमोजीचंही तसंच: जावामध्ये बहुतेक इमोजी किमान दोन कॅरेक्टरचे असतात, एक वगळलं की अर्धा तुकडा हाती येतो.

स्किप करण्याचा मोह सर्वांत जास्त होतो तो फाइलच्या पहिल्याच कॅरेक्टरपाशी. काही एडिटर यूटीएफ-८ फाइलच्या सुरुवातीला बीओएम नावाची अदृश्य खूण ठेवतात. जावा ती आपणहून काढत नाही, त्यामुळे पहिल्या ओळीतला शब्द हुबेहूब दिसत असूनही तुलनेत जुळत नाही. इथे डोळे झाकून स्किप करू नये, कारण ज्या फाइलमध्ये ही खूण नसेल, तिचं खरं पहिलं अक्षर मोडेल. बफर्डरीडर घ्यावा, मार्क करून जागा लक्षात ठेवावी, एक कॅरेक्टर रीड करावं. ते बीओएम निघालं तर पुढे जावं, नाहीतर रीसेट करून परत पहिल्या जागी यावं.