नॉवू

नॉवू : अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात मिसिसिपी नदीच्या वळणावर वसलेले गाव, १८३९ ते १८४६ या काळात मॉर्मन या ख्रिस्ती परंपरेतून निघालेल्या पंथाचे मुख्य केंद्र. पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ (१८०५–१८४४) यांच्या हाती धर्मसत्ता आणि राजसत्ता कशी एकवटत गेली, ते येथे टप्प्याटप्प्याने पाहता येते.

मुळाशी छळ होता, हे आधी सांगितले पाहिजे. शेजारच्या मिसूरी राज्याचे गव्हर्नर लिलबर्न बॉग्ज यांनी २७ ऑक्टोबर १८३८ रोजी मॉर्मनांचा नायनाट करा किंवा त्यांना राज्याबाहेर हाकला, असा लेखी हुकूम काढला होता. राज्ययंत्रणाच अंगावर आलेल्या या लोकांनी इलिनॉयमध्ये संरक्षण आपल्याच हाती ठेवायचे ठरवले. डिसेंबर १८४० मध्ये इलिनॉय राज्याकडून मिळालेल्या सनदेने त्यांना नगरपरिषद, नगर न्यायालय आणि ‘नॉवू लीजन’ ही पलटण दिली. न्यायालयाला बंदी प्रत्यक्षीकरणाचाही, म्हणजे अटक तपासून कैद्याला सोडवण्याचा, अधिकार होता. त्याच्याच आधारे १८४३ मध्ये मिसूरीच्या वॉरंटातून स्मिथ यांची सुटका झाली. मे १८४२ पासून ते महापौर होते. महापौर म्हणून नगर न्यायालयाचे प्रमुखपदही त्यांच्याकडे आले. पलटणीचे लेफ्टनंट जनरल ते आधीपासून होतेच. ज्यांना भाविक प्रेषित मानत, त्यांच्याविरुद्ध नगरात दाद मागायची कोणाकडे?

१८४४ च्या जानेवारीत स्मिथ राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत उतरले. सरकारी जमिनी विकून त्या पैशांतून १८५० पर्यंत गुलामांची मुक्तता करावी, ही त्यांच्या जाहीरनाम्यातली सर्वांत धाडसी मागणी. मार्चमध्ये त्यांनी ‘पन्नासांची परिषद’ गुप्तपणे स्थापली. पृथ्वीवर ईश्वरी राज्याचा पाया घालणे हा तिचा उद्देश होता.

विरोध बाहेरूनच नव्हे, आतूनही उठला. पंथाच्या सर्वोच्च मंडळात बसलेले विल्यम लॉ आणि त्यांचे सहकारी यांनी ७ जून रोजी ‘नॉवू एक्सपॉझिटर’ हे वृत्तपत्र काढले. गुप्त बहुपत्नीत्व आणि सत्तेचे केंद्रीकरण हे त्याचे मुख्य आक्षेप. अंक निघाला तो एकच. १० जूनला नगरपरिषदेने वृत्तपत्र सार्वजनिक उपद्रव ठरवले आणि छापखाना मोडून टाकवला. आपल्या छळाची दाद जगाकडे मागणाऱ्या समाजाने असंतुष्टांचा छापखाना फोडावा, ही या इतिहासातली सर्वांत मोठी चूक होय. या प्रकरणातून स्मिथ यांना अटक होऊन जवळच्या कार्थेज गावातील तुरुंगात ठेवण्यात आले. २७ जून रोजी सशस्त्र जमावाने तेथे घुसून ते आणि त्यांचे बंधू हायरम यांना ठार केले.

जानेवारी १८४५ मध्ये सनद रद्द झाली. पुढच्या वर्षी ब्रिगम यंग यांच्या नेतृत्वाखाली बहुसंख्य मॉर्मन पश्चिमेकडे निघाले. १८५० मध्ये केंद्र सरकारने, ते जेथे वसले त्या युटा प्रदेशाचे पहिले गव्हर्नर म्हणून नेमले, ते पंथाचे अध्यक्ष असलेल्या यंग यांनाच.