बढती-अनुदानाचा अर्ज: मेकॅनिकलच्या प्राध्यापकांची फाइल सायटेशनच्या रकान्यात का अडकते

संशोधन कमी पडलं म्हणून परत गेलेल्या फायली मी मोजक्याच पाहिल्या. अर्जात लिहिलेला आकडा आणि पडताळणीत निघालेला आकडा जुळला नाही म्हणून परत गेलेल्यांचा मात्र ढीग. चांगलं काम केलेली माणसं त्यात अडकतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

पात्रतेचे निकष जागेनुसार आणि योजनेनुसार बदलतात. तरी मागणी बहुधा तीनच गोष्टींची असते: ठरावीक काळातले शोधनिबंध, त्यांना मिळालेली सायटेशन्स (इतरांनी आपल्या निबंधांत दिलेले त्यांचे संदर्भ) आणि एच-इंडेक्स (किमान ‘एच’ सायटेशन्स असलेले ‘एच’ निबंध, असा सर्वांत मोठा आकडा). निबंधांची यादी डीओआयसकट (निबंधाच्या कायमच्या ऑनलाइन ओळख-क्रमांकासकट) द्या, पहिल्या पानाची प्रत जोडा, ऑर्किडचा, म्हणजे संशोधकाच्या ओळखीचा, सोळा अंकी क्रमांक लिहा. तो फुकट मिळतो आणि काही मिनिटांत मिळतो. इथवर कुणाचं काही अडत नाही.

अडतं ते ‘एच-इंडेक्स: २१’ असं लिहून पुढे गेल्यावर. कुठला २१? सायटेशन्सची नोंद ठेवणारी संकेतस्थळं वेगवेगळी आहेत: एकाच माणसाचा हा आकडा गूगल स्कॉलरवर २१, स्कोपसवर १४ आणि वेब ऑफ सायन्सवर १२ असू शकतो, आणि तिन्ही खरे असतात. स्कॉलर प्रबंध, प्रीप्रिंट (जर्नलच्या तपासणीआधीच ऑनलाइन टाकलेले निबंध), अहवाल असं सगळं मोजतो. बाकीचे दोघे आपल्या यादीतल्या जर्नलांपुरतंच आणि परिषदांपुरतंच पाहतात. जाहिरातीत ‘स्कोपसनुसार’ असं एकच शब्दाचं कलम कुठेतरी दडलेलं असतं, ते शोधा. कलम नसेल तर तिन्ही आकडे द्या आणि प्रत्येकापुढे पाहिल्याची तारीख लिहा. तारखेविना दिलेला आकडा तपासणाऱ्याला दोन महिन्यांनी वेगळाच दिसतो आणि संशय तुमच्यावर येतो.

एच-इंडेक्स हाताने काढून पाहायची सवय ठेवा. हर्श या भौतिकशास्त्रज्ञाने २००५ मध्ये मांडलेली ही रीत सोपी आहे. समजा दहा निबंधांना ४५, ३०, १२, ९, ६, ५, ५, २, १, ० अशी सायटेशन्स आहेत. किमान पाच सायटेशन्स असलेले निबंध पाच तरी आहेत, पण किमान सहा असलेले सहा नाहीत. म्हणून एच-इंडेक्स ५. आय-टेन म्हणजे दहा किंवा जास्त सायटेशन्सचे निबंध, ते ३. एकूण सायटेशन्स ११५. ही तीन उत्तरं एकमेकांच्या रकान्यात लिहिलेले अर्ज दर वर्षी येतात.

‘स्वतःची सायटेशन्स वगळून’ असं म्हटलं असेल तर आणखी एक फाटा फुटतो. स्कोपसच्या सायटेशन ओव्हरव्ह्यूमध्ये फक्त तुमची स्वतःची वगळता येतात, किंवा सर्व सहलेखकांची. दुसऱ्या पर्यायात आकडा बराच खाली येऊ शकतो. कुठला पर्याय निवडलात ते अहवालावरच लिहून टाका. या अहवालाला सदस्यत्व लागतं, तेव्हा तो शेवटच्या दिवशी नव्हे, आधीच ग्रंथालयातून काढून घ्या.

आता नावाचा घोळ. स्कोपस लेखकाची प्रोफाइल आपोआप बनवतं. कधी आद्याक्षरं, कधी पूर्ण नाव, कधी लग्नानंतरचं आडनाव, कधी बदललेली संस्था. एका माणसाच्या तीन प्रोफाइल होतात आणि सायटेशन्स तिघांत विखुरतात. त्या एकत्र करण्याची विनंती ऑनलाइन करता येते, पण दुरुस्ती दिसायला आठवडे जाऊ शकतात. ‘विनंती केली आहे’ हे वाक्य कुठलीच समिती ऐकून घेत नाही. स्कॉलरवर नेमकं उलटं होतं: नावबंधूचे निबंध तुमच्या खात्यात येऊन बसतात. ते काढा. ठेवलेत तर तो अप्रामाणिकपणाच ठरतो, तुम्हाला माहीत नसलं तरी. आकड्याशेजारी तारांकन दिसलं तर त्यात निबंधाच्या दुसऱ्या आवृत्तीची सायटेशन्सही मोजलेली असू शकतात. परिषदेतला निबंध वाढवून जर्नलमध्ये दिलेल्यांनी हे खास पाहावं.

सगळ्यात जास्त चुकीचं वाचलं जाणारं वाक्य म्हणजे ‘मागील पाच वर्षांतील सायटेशन्स’. पाच वर्षांत छापलेल्या निबंधांना मिळालेली, की सगळ्या जुन्या-नव्या निबंधांना पाच वर्षांत मिळालेली? स्कॉलरचा दुसरा स्तंभ दुसरा अर्थ धरतो. अनेक समित्या पहिला धरतात. जाहिरात लिहिणाऱ्याने एक ओळ जास्त लिहिली असती तर किती लोकांचे कष्ट वाचले असते! विचारा, आणि उत्तर लेखी घ्या. तसंच, निबंध डिसेंबरमध्ये ऑनलाइन आणि मार्चमध्ये अंकात आला, तर वर्ष कुठलं धरायचं हेही विचारून घ्या.

क्वार्टाइलचंही (विषयगटातल्या जर्नलांच्या क्रमवारीचे चार भाग, क्यू-वन सर्वांत वरचा) तसंच. एकच जर्नल यांत्रिकीच्या गटात क्यू-वन आणि पदार्थविज्ञानाच्या गटात क्यू-टू असू शकतं. जर्नलच्या निबंधांना सरासरी किती सायटेशन्स मिळतात हे सांगणाऱ्या आकड्यांपैकी साइटस्कोर चार वर्षांच्या खिडकीवर, तर नेहमीचा इम्पॅक्ट फॅक्टर दोन वर्षांच्या खिडकीवर चालतो. गट, वर्ष आणि यादी तिन्ही लिहा, आणि जर्नल मधेच स्कोपसमधून बंद झालेलं नाही ना, हे पाहा.

आमच्या शाखेची एक खंत आहे. फटिगच्या (वारंवारच्या भाराने भाग थकून तुटण्याच्या) चाचण्यांत चार वर्षं घालवणाऱ्याला मोजकी सायटेशन्स मिळतात, आणि तयार मॉडेलवर लिहिलेला आढावा निबंध शेकड्यांत जातो. स्कोपसचा एफडब्ल्यूसीआय (फील्ड-वेटेड सायटेशन इम्पॅक्ट) हा आकडा विषय, वय आणि प्रकार सारखा असलेल्या निबंधांशी तुलना करतो आणि जगाची सरासरी १ धरतो. तुमचा आकडा त्यावर असेल तर मागितला नसला तरी द्या.

शेवटी, कुणाकडेच नसलेला कागद: सहलेखकांचं योगदानपत्र. अनेक ठिकाणी प्रत्येक निबंधासाठी सर्वांच्या सह्या लागतात. तोवर एक जण नोकरी बदलून गेलेला, एकाचा ईमेल बंद, एकाशी बोलणं तुटलेलं. निबंधातच क्रेडिट (कुणी कुठलं काम केलं हे नोंदवायच्या) पद्धतीच्या चौदा भूमिकांनुसार योगदान छापलेलं असेल तर ते पान चालतं का, आधी विचारा. नसेल तर नवा निबंध जर्नलकडे पाठवाल त्याच दिवशी सह्यांचा कागद फिरवा. जुन्या निबंधांच्या सह्यांसाठी आजच पत्रं धाडा. मुदतीला तीन महिने आहेत म्हणून थांबलेल्यांच्याच फायली मुदतीच्या दिवशी अर्धवट येतात.