पायराइटचे रसायन व गंधकाचे समस्थानिक

पायराइट (लोहमाक्षिक) या लोह व गंधकाच्या खनिजातील सूक्ष्म मूलद्रव्ये आणि गंधकाच्या समस्थानिकांचे (एकाच मूलद्रव्याच्या निरनिराळ्या वस्तुमानाच्या अणूंचे) गुणोत्तर मोजून धातुकाचा (धातू मिळणाऱ्या खनिजाचा) साठा कसा घडला, हे ठरविण्याची भूरसायनशास्त्रीय पद्धत.

निसर्गातील गंधकात ३२ वस्तुमानांकाचा समस्थानिक सुमारे ९५ टक्के, तर ३४ वस्तुमानांकाचा सुमारे ४ टक्के असतो. त्यांच्या गुणोत्तराचा प्रमाणित मूल्यापासूनचा फरक दर हजारी सांगतात. प्रावरणातील (पृथ्वीच्या कवचाखालील थरातील) गंधकाचे मूल्य शून्याजवळ, तर आजच्या सागरजलातील सल्फेटाचे सुमारे +२१ असते. सल्फेटाचे क्षपण करणारे (त्यातील ऑक्सिजन काढून सल्फाइड बनविणारे) जीवाणू हलका समस्थानिक अधिक वापरतात, त्यामुळे गाळाच्या खडकांतील पायराइटाचे मूल्य पुष्कळदा ऋण येते. तथापि ऋण मूल्य दिसताच ते जीवाणूंचे कार्य मानणे धोक्याचे आहे, कारण उष्ण द्राव उकळून किंवा अन्य कारणाने त्याचे ऑक्सिडीभवन झाले, तरी त्यातून हलक्या गंधकाचे सल्फाइड निक्षेपित होऊ शकते.

अशा वेळी पायराइटाचे रसायन उपयोगी पडते. कोबाल्टचे निकेलशी गुणोत्तर एकापेक्षा कमी असल्यास गाळातील, तर अधिक असल्यास शिलारसाशी (भूगर्भातील वितळलेल्या खडकाशी) वा उष्ण द्रावाशी निगडित उगम संभवतो. हा संकेत आहे, निर्णय नव्हे. आर्सेनिकयुक्त पायराइटात डोळ्यांना न दिसणारे सोने सामावलेले असू शकते. एकाच कणाच्या गाभ्यात व कडेला निरनिराळी द्रव्ये असू शकत असल्याने संपूर्ण कण कुटून काढलेली सरासरी फसवी ठरते. म्हणून लेसर किंवा आयन शलाकेने कणाच्या प्रत्येक पट्ट्याचे स्वतंत्र विश्लेषण करणे, हेच या पद्धतीचे खरे बळ आहे.

कोल्हापूर जिल्ह्याला या पद्धतीची मर्यादा आणि महत्त्व दोन्ही लागू पडतात. राधानगरी, शाहूवाडी, चंदगड भागांतील पठारांवरचे बॉक्साइट (ॲल्युमिनियमचे धातुक) जांभ्याप्रमाणेच खडकांच्या विदारणातून (हवा-पाण्याने होणाऱ्या झिजेतून) तयार झालेले असल्यामुळे त्याच्या उगमाचा शोध गंधकावरून घेता येत नाही. परंतु जिल्ह्याचा बहुतेक भूभाग ज्या दख्खन बेसाल्टाने व्यापला आहे, त्याच्यासारख्याच सायबेरियातील लाव्हा प्रदेशात नोरिल्स्क येथे निकेल व तांब्याचे प्रचंड सल्फाइड साठे आहेत. तेथील गंधकाचे मूल्य प्रावरणापेक्षा बरेच जड, साधारण +८ ते +१२ आहे. यावरून शिलारसाने वाटेतील गाळाच्या खडकांमधला, विशेषतः ॲनहायड्राइट या कॅल्शियम सल्फेटाच्या खनिजाचा, गंधक सामावून घेतला असावा, असे बहुसंख्य संशोधक मानतात.