धरणाचा हिशोब उलटा मांडणारा इकॉनॉमिस्ट: जॉन क्रुटिला

अमेरिकेतल्या आयडाहो आणि ऑरेगन राज्यांच्या सीमेवरची स्नेक नदीची दरी म्हणजे हेल्स कॅनियन, उत्तर अमेरिकेतली सगळ्यात खोल नदीदरी. तिचा बराचसा भाग अजून पाण्याखाली गेलेला नाही आणि त्यात वकील, आंदोलनकर्त्यांइतकाच एका इकॉनॉमिस्टचा हात आहे, हे फार कमी लोकांना माहीत असतं.

क्रुटिला १९२२ चा, टकोमाचा. १९५२ मध्ये हार्वर्डची पीएचडी केली आणि थेट टेनेसी व्हॅली ऑथॉरिटीत गेला, म्हणजे धरणं बांधणाऱ्यांच्याच गोटात. मला हा भाग फार महत्त्वाचा वाटतो, कारण धरणाचे फायदे कागदावर कसे मांडतात हे त्याने आतून बघितलं होतं. १९५५ ला तो वॉशिंग्टन डीसीतल्या 'रिसोर्सेस फॉर द फ्यूचर' या संशोधन संस्थेत आला आणि मग निवृत्तीपर्यंत तिथेच राहिला.

तोपर्यंत जंगलात फिरणं, मासेमारी, शिकार यांची किंमत मोजायची सुरुवात झाली होती. १९४७ मध्ये हॅरोल्ड हॉटेलिंग या इकॉनॉमिस्टने नॅशनल पार्क सर्व्हिसला पत्र लिहून सुचवलं की गेटवरची फी बघू नका, लोक किती लांबून किती खर्च करून येतात ते बघा, त्यातून पार्कची मागणी काढता येईल. क्रुटिलाच्याच संस्थेतल्या मॅरियन क्लॉसनने १९५९ मध्ये ते खरंच करून दाखवलं. पण यात फक्त येणारे लोक मोजले जातात. १९६७ च्या जेमतेम दहा पानी पेपरमध्ये क्रुटिला त्याच्या पुढे गेला, म्हणाला की जो माणूस तिथे कधीच जाणार नाही त्यालाही ती जागा टिकावी असं वाटतं, आणि त्या वाटण्याला आर्थिक किंमत आहे.

त्याच वर्षी सुप्रीम कोर्टाने हेल्स कॅनियनमधल्या हाय माउंटन शीप धरणाचं लायसन्स ते देणाऱ्या सरकारी आयोगाकडे परत पाठवलं, धरण बांधूच नये का याचाही विचार करा म्हणून. आयोगापुढच्या सुनावणीत क्रुटिला साक्षीला उभा राहिला. त्याचा मुद्दा साधा होता. धरणाचा फायदा म्हणजे दुसरीकडून वीज घेण्यापेक्षा वाचणारा पैसा, आणि टेक्नॉलॉजी सुधारेल तशी दुसरी वीज स्वस्त होत जाणार, म्हणजे तो फायदा दरवर्षी आटणार, उलट अशी दरी कोणी नवीन बनवू शकत नाही आणि लोकांचं उत्पन्न वाढेल तशी तिची मागणी वाढतच जाणार. दरीची एकूण किंमत किती हा वाद त्याने घातलाच नाही, विचारलं एवढंच की धरण तोट्यात जायला दरीपासून पहिल्या वर्षी कमीत कमी किती फायदा हवा? उत्तर आलं सुमारे ८० हजार डॉलर. आणि नुसती मासेमारी, एल्क-हरणांची शिकार, बोटिंग धरलं तरी आकडा ९ लाखांच्या आसपास जात होता! तिथे कधीच न जाणाऱ्यांना दरी टिकावी असं वाटतं त्याची किंमत त्यात धरलेलीच नव्हती.

अँथनी फिशर या इकॉनॉमिस्टबरोबर त्याने ही सगळी मांडणी १९७५ मध्ये पुस्तकरूपात आणली, आणि त्याच वर्षअखेरीस हेल्स कॅनियन नॅशनल रिक्रिएशन एरिया जाहीर झाला. कधीच न येणाऱ्यांची ती किंमत मात्र खऱ्या अर्थाने गाजली १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन वाल्डेझ या जहाजातून झालेल्या तेलगळतीनंतर. ती सर्व्हेने मोजता येते का हे ठरवायला सरकारने केनेथ अॅरो आणि रॉबर्ट सोलो या दोन नोबेलवाल्यांच्या अध्यक्षतेखाली पॅनेल नेमलं, आणि १९९३ मध्ये त्यांनी कडक अटी घालून का होईना, पण हो म्हटलं.