शॉट पळतोय? आधी ठरवा: दळण भरड आहे की चॅनलिंग होतंय

एस्प्रेसोचा शॉट, म्हणजे मशीनने एका वेळी काढलेली कॉफी, पंधरा सेकंदांत कपात उतरला आणि आंबट लागला, की सल्ला ठरलेला असतो: ‘बारीक दळ.’ हा सल्ला वाचून वाचून मला वीट आलाय. कधी तो अगदी बरोबर असतो, पण कधी त्यानेच दुखणं वाढतं. शॉट पळण्याची नेहमीची कारणं दोन, आणि एकावरचा उपाय दुसऱ्यावर चालत नाही.

भरड दळणाबद्दल फार सांगायला नको. कण मोठे, मधल्या फटी मोठ्या, पाण्याला अडवायला कोणी नाही. 18 ग्रॅम पुडीतून 36 ग्रॅम कॉफी 25 ते 30 सेकंदांत यावी, हा रूढ हिशोब. भरड दळलं की तेवढीच कॉफी निम्म्या वेळात येते, पातळ आणि आंबट. ग्राइंडर एक-दोन खुणा बारीक करा, झालं. बिया शिळ्या असल्या तरी शॉट असाच पळतो, म्हणून रोस्टची तारीख एकदा बघून घ्या.

चॅनलिंगमध्ये दळणाचा दोष असेलच असं नाही. पकवर, म्हणजे बास्केट या छिद्रांच्या वाटीत दाबलेल्या पुडीच्या चकतीवर, साधारण 9 बारचा दाब येतो. पूड कुठे सैल राहिली असेल, गुठळी असेल, कड बास्केटला नीट चिकटली नसेल, तर पाणी तिथूनच वाट काढतं. शेताचा बांध एका जागी खचला की सगळं पाणी तिकडेच धावतं, तसं. त्या वाटेवरच्या पुडीतून नको इतका अर्क निघतो, उरलेल्या पुडीला पाणी जेमतेम भिडतं. म्हणून अशी कॉफी एकाच घोटात आंबटही लागते आणि कडूही, आणि जीभ कोरडी पडते. भरड दळणाची कॉफी नुसती आंबट लागते.

आता इथे बारीक दळलं तर काय होतं? पकचा अडथळा वाढतो, बारीक पुडीच्या गुठळ्याही जास्त होतात, आणि पाणी त्याच कच्च्या जागेवर आणखी जोराने तुटून पडतं. ‘मॅटर’ या शोधपत्रिकेत 2020 साली आलेल्या एका अभ्यासात हेच दिसलं होतं: एका मर्यादेपलीकडे बारीक दळलं की पाणी सगळीकडून सारखं जात नाही आणि अर्क वाढण्याऐवजी घटतो. पण लोक बारीक दळत जातात, शॉट सुधारत नाही, मग बियांना नावं ठेवतात, शेवटी मशीनला.

ओळखायचं कसं? ग्राइंडरला हात न लावता, तेवढ्याच वजनाचे आणखी दोन शॉट काढा. तिन्ही सारखेच पळाले तर दळण भरड आहे. एक 17 सेकंदांत, दुसरा 30 मध्ये, तिसरा 21 मध्ये आला तर चॅनलिंग. ग्राइंडर तोच, खूण तीच. बदलतेय ती पूड भरण्याची पद्धत. बॉटमलेस पोर्टाफिल्टर (बास्केट धरणारी, तळ उघडा असलेली मूठ) असेल तर डोळ्यांनीच दिसतं: धार एका बाजूने येते, मध्येच फिकट पट्टा उमटतो, बारीक फवारा उडतो. मशीनवर दाबाचा काटा असेल तर तोही सांगतो. भरड दळणात दाब चढतच नाही. चॅनलिंगमध्ये बऱ्याचदा चढतो आणि मग अचानक घसरतो.

पक ओला आहे म्हणून चॅनलिंग झालं, असं मात्र कृपा करून ठरवू नका. पूड कमी असल्यामुळे वर जागा उरली, किंवा मशीनला शॉटनंतर दाब सोडणारा व्हॉल्व्हच नसला, तरी पक ओलाच राहतो.

उपाय साधा आहे. पातळ सुयांनी, साधारण 0.4 मिलिमीटरच्या, पूड बास्केटच्या तळापासून ढवळायची. नुसती वरवर फिरवून उपयोग नाही, गुठळ्या खालीच असतात. मग टॅम्पर, म्हणजे पूड दाबायचा ठोकळा, सपाट ठेवून दाबायचं. किती जोर लावला याची चर्चा तासन् तास चालते. पूड पूर्ण दाबली गेली की पुढचा जोर वाया जातो. टॅम्पर तिरका असेल तर मात्र पाणी पातळ बाजूने जाणारच. आणि दाबून झाल्यावर पोर्टाफिल्टरच्या कडेवर टकटक करणं आजपासून बंद करा. नुकती चिकटलेली कड त्याने सुटते.

दुहेरी तळाच्या बास्केटमध्ये यातलं बरंचसं झाकलं जातं, कारण तिथे दाब तळाच्या बारीक छिद्रामुळे तयार होतो. निदान करायचं तर साधी, एकेरी तळाची बास्केटच हवी.

दोन्ही दोष एकदम असतील तर आधी पूड भरण्याची पद्धत सुधारा. लागोपाठचे शॉट दोन-तीन सेकंदांच्या फरकाने येऊ लागले की मगच ग्राइंडरची खूण हलवा.