आधी इंधन वाचवणारं, मग इंधन खाणारं हायड्रॉलिक

ट्रॅक्टरच्या हायड्रॉलिकवर, म्हणजे तेलाच्या दाबाने अवजारं उचलणाऱ्या यंत्रणेवर, आज इंधन खाण्याचा आरोप होतो. त्याचा जन्म मात्र ताकद वाया जाऊ नये म्हणूनच झाला.

पहिल्या महायुद्धाच्या काळात आयर्लंडमधल्या हॅरी फर्ग्युसन यांच्याकडे शेतीतल्या ट्रॅक्टरांचं काम सुधारण्याची जबाबदारी आली. तेव्हा नांगर ट्रॅक्टरच्या मागे नुसता ओढला जाई. चाकांना पकड हवी तर ट्रॅक्टर जड करायचा, आणि ते वजन शेतभर वाहायला पुन्हा इंधन जाळायचं. फर्ग्युसन यांनी नांगर तीन ठिकाणी ट्रॅक्टरलाच जोडला आणि ओढ वाढली की हायड्रॉलिक लिफ्ट तो किंचित वर घेईल अशी सोय केली. हेच ड्राफ्ट कंट्रोल. नांगराचा भार मागच्या चाकांवर येतो, चाकं कमी घसरतात. १९३६ चा फर्ग्युसन-ब्राउन आणि १९३९ चा फोर्ड ९एन हलके असूनही चांगले ओढत, त्याचं गुपित हेच.

पण या लिफ्टला तेल पुरवणाऱ्या पंपाची एक अडचण होती: क्लच दाबला की लिफ्टही थांबायची. पुढे इंजिन चालू असेपर्यंत फिरत राहणारे पंप आले. सोय झाली आणि खर्चही तिथूनच सुरू झाला. दातेरी चाकांचा गिअर पंप इंजिनाच्या वेगाप्रमाणे तेल ढकलतो, काम असो वा नसो. काम नसताना दाब कमी असतो, म्हणून नुकसानही थोडं. खरं नुकसान होतं लिफ्ट टोकाला पोचल्यावरही लिव्हर धरून ठेवला तर. मिनिटाला ६० लिटर तेल १८० बार (बार हे दाबाचं एकक) दाबाने रिलीफ व्हॉल्व्हमधून, म्हणजे जास्तीचा दाब सोडणाऱ्या झडपेतून, परत गेलं, तर १८ किलोवॅट निव्वळ तेल तापवण्यात जातात. (हिशेब सोपा आहे: लिटर गुणिले बार, भागिले ६००.)

१९६० मध्ये जॉन डिअर ४०१० ने गरजेपुरतंच तेल देणारा पंप आणला, पण दाब कायम चढाच ठेवून. नंतरच्या लोड सेन्सिंगने दाबही गरजेपेक्षा थोडाच वर ठेवला. तरी त्यातही एक मेख राहिली आहे. दोन कामं एकदम चालू असतील तर दाब जड कामाप्रमाणे ठरतो, आणि हलक्या कामाकडे जाणाऱ्या तेलाचा जास्तीचा दाब व्हॉल्व्हमध्येच उष्णता होऊन जिरतो.